परिचारिकांचं मानसिक सक्षमीकरण मोजायचं आहे: मराठी प्रश्नावली, नमुना आणि गुणांबद्दल शंका

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधासाठी दोन सरकारी रुग्णालयांतल्या अधिपरिचारिकांचं (स्टाफ नर्स) मानसिक सक्षमीकरण मोजायचं आहे, म्हणजे आपल्या कामाला अर्थ आहे, ते आपल्याला जमतं, ते आपल्याला ठरवता येतं आणि त्याचा परिणाम होतो असं त्यांना किती वाटतं ते. एकूण संख्या ४२०, त्यांतल्या १४० कंत्राटी. ग्रेचेन स्प्राइट्झर यांची १२ विधानांची, ७ पर्यायांची प्रश्नावली परवानगी काढून घेतली आहे. मराठीच्या प्राध्यापकांकडून भाषांतर करून घेतलं आणि ३० जणींवर पायलट केला. त्यात तीन गोष्टी खटकल्या.

'प्रभाव' या भागातल्या तिन्ही विधानांना बहुतेकींनी १ किंवा २ दिले. 'अर्थ' या भागात सगळीकडे ६ आणि ७. आणि 'स्वनिर्णय' भागातली दोन विधानं दाखवून चौघींनी विचारलं, "ही एकच आहेत ना?" तरीही १२ विधानांचा मिळून क्रॉनबाख अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, १ च्या जवळ तितका चांगला) ०.८१ आला. गाईड म्हणतात प्रश्नावली पक्की आहे, पुढे चला. एकूण बेरीज करून कमी, मध्यम, जास्त असे तीन गट पाडायचं ठरलं आहे.

हे बरोबर आहे का? नमुना किती घ्यावा? कायम आणि कंत्राटी यांची तुलनाही करायची आहे.

मापनपट्टी

गोदाकाठ ताई, पुढे जाऊ नका. तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत आणि त्यांतल्या दोन भाषांतरातून आलेल्या दिसतात. त्यावर जाणकार बोलतीलच. मी बेरजेबद्दल बोलतो.

अल्फा विधानांच्या संख्येबरोबर चढतो. १२ विधानं एकत्र घेतली तर आत चार वेगवेगळ्या गोष्टी असल्या तरी ०.८ गाठणं अवघड नाही. त्यातून 'हे सगळं एकच मोजतंय' असं सिद्ध होत नाही. अल्फा चारही भागांचा वेगवेगळा काढा: अर्थ, क्षमता, स्वनिर्णय, प्रभाव. प्रत्येकी तीनच विधानं असल्याने तो थोडा कमी येईल, पण खरं काय ते कळेल. ज्या भागात सगळ्यांनी ६ आणि ७ दिले तिथे फरकच उरत नाही, त्यामुळे तिथला अल्फा पडलेला दिसला तर घाबरू नका, कारण शोधा.

हे चार भाग थॉमस आणि वेल्टहाउस यांच्या १९९० च्या मांडणीतून आले. स्प्राइट्झर यांनी १९९५ साली त्यावर मोजपट्टी बसवली आणि ती तपासली एका औद्योगिक कंपनीतल्या ३९३ मॅनेजरांवर आणि एका विमा कंपनीतल्या १२८ खालच्या फळीतल्या कर्मचाऱ्यांवर. म्हणजे मूळ चाचणी परिचारिकांवर झालेलीच नाही. पुढे नर्सिंगमध्ये ती खूप वापरली गेली, पण 'स्वतःचं काम स्वतः ठरवणं' याचा मॅनेजरच्या टेबलावरचा अर्थ आणि डॉक्टरांच्या ऑर्डरशीटसमोरचा अर्थ एक नाही, हे मनात धरूनच आकडे वाचावे लागतात.

आता एकूण गुणांचं पाहा. एका सिस्टरचे भागनिहाय सरासरी गुण असे: अर्थ ६.६७, क्षमता ६.३३, स्वनिर्णय ३.००, प्रभाव २.००. चारांची सरासरी ४.५०. दुसऱ्या सिस्टरचे चारही भाग ४.५० च्या आसपास, सरासरी तीच. तुमच्या तक्त्यात दोघी 'मध्यम' गटात शेजारी बसतील. पहिलीला काम येतं, कामावर जीव आहे, पण वॉर्डात तिला कोणी विचारत नाही. दुसरीचं सगळंच कोमट आहे. या दोघींसाठी करायचे उपाय पार वेगळे आहेत. म्हणून निकालाचा मुख्य तक्ता चार भागांचा असू द्या. एकूण सरासरी द्यायचीच तर खाली एका ओळीत द्या.

कमी, मध्यम, जास्त यांच्या सीमारेषा मूळ प्रश्नावलीत नाहीत. प्रबंधांमध्ये त्या टक्केवारीने पाडल्या जातात, किंवा दुसऱ्याच प्रश्नावलीतून उचलल्या जातात. ती दुसरी म्हणजे कॅनडातल्या हेदर लाशिंजर यांची रचनात्मक सक्षमीकरणाची १९ प्रश्नांची प्रश्नावली: संधी, माहिती, पाठिंबा, साधनं, औपचारिक अधिकार, अनौपचारिक अधिकार असे सहा भाग, ५ पर्याय, एकूण गुण ६ ते ३०. तिच्यात ६ ते १३ कमी, १४ ते २२ मध्यम, २३ ते ३० जास्त अशा सीमा आहेत. त्या इथे लावू नका. ती प्रश्नावली रुग्णालय काय देतं ते विचारते, तुमची प्रश्नावली परिचारिकेला आतून काय वाटतं ते विचारते.

शब्दकळा

भाषांतर सोडून बाकी काही बदलण्याआधी छापलेला फॉर्म हातात घ्या आणि 'विभाग' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजा. माझी पैज आहे की 'प्रभाव' भागातल्या तिन्ही विधानांत तो असणार, कारण इंग्रजीत तिथे डिपार्टमेंट आहे. सरकारी रुग्णालयात 'विभाग' म्हटलं की सिस्टरांच्या डोळ्यांसमोर मंत्रालयातला सार्वजनिक आरोग्य विभाग येतो. कोणाला सर्जरी विभाग आठवेल, म्हणजे डॉक्टरांचं युनिट. 'माझ्या विभागात जे घडतं त्यावर माझा मोठा प्रभाव आहे' याला कुठली अधिपरिचारिका ७ देईल? तिने दिलेला १ अगदी प्रामाणिक आहे, फक्त तो तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचा नाही. 'माझ्या वॉर्डात' असं लिहा. ओटी, लेबर रूम, एसएनसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष), कॅज्युअल्टी इथल्यांसाठी वर एक ओळ टाका: 'वॉर्ड म्हणजे तुमची सध्या ड्युटी असलेली जागा.'

त्याच भागात दुसरी अडचण. इंग्रजीत इम्पॅक्ट आणि इन्फ्लुएन्स हे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्हींना 'प्रभाव' लावला की दोन विधानं एक होतात. शिवाय 'प्रभाव असणं' म्हणजे वर ओळख असणं, असाही अर्थ आपल्याकडे चालतो. असं करून पाहता येईल: पहिल्यात परिणाम (वॉर्डात जे घडतं त्यावर माझ्या कामाचा मोठा परिणाम होतो), दुसऱ्यात हातात असणं (वॉर्डात जे घडतं त्यातलं बरंचसं माझ्या हातात असतं), तिसऱ्यात वजन (वॉर्डातल्या गोष्टींत माझ्या शब्दाला वजन आहे). नियंत्रण हा शब्द टाळा, तो इनचार्ज सिस्टरच्या देखरेखीकडे नेतो.

'स्वनिर्णय' मध्ये चौघींना दोन विधानं एकच वाटली, कारण बहुधा ऑटोनॉमी, इंडिपेंडन्स आणि फ्रीडम या तिन्हींना 'स्वातंत्र्य' लागलं असेल. आणि 'स्वायत्तता' घातलं असेल तर ते स्वायत्त महाविद्यालयाची आठवण करून देतं. इथे 'मोकळीक' हा शब्द चांगला काम देतो. एका विधानात 'काम कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक', दुसऱ्यात 'माझं माझं ठरवता येतं', तिसऱ्यात 'स्वातंत्र्य'. तीन विधानं जवळची असणारच, एका भागातली आहेत ती, पण वाचणारीला शब्दशः तीच वाटता कामा नयेत.

'अर्थ' भागात सगळे ६ आणि ७ येणं पूर्ण टळणार नाही. नर्सिंग म्हणजे सेवा हे पहिल्या वर्षापासून मनावर बिंबवलेलं असतं, त्यामुळे 'माझं काम महत्त्वाचं आहे' याला नाही म्हणणं म्हणजे पेशाला नाव ठेवल्यासारखं वाटतं. पण विधान व्यवसायाबद्दल नसून सध्याच्या कामाबद्दल आहे. दिवसातला निम्मा वेळ इंडेंट (सामानाची मागणी), स्टॉक रजिस्टर आणि ऑनलाइन नोंदीत जात असेल तर उत्तर बदलू शकतं. 'मी सध्या ड्युटीवर प्रत्यक्ष जे काम करते/करतो ते' अशी सूचना या तीन विधानांच्या आधी ठळक छापा.

आता लिंगाचा मुद्दा. तुमच्याकडे ब्रदर (पुरुष परिचारक) आहेतच. प्रत्येक विधानात 'शकते/शकतो' अशी तिरकी रेघ आली की वाचताना अडखळायला होतं. 'मी ठरवू शकते' ऐवजी 'मला ठरवता येतं', 'मी महत्त्वाचं मानते' ऐवजी 'मला महत्त्वाचं वाटतं'. मराठीत ही सोय आहे, ती वापरा. वरच्या सूचनेतही 'माझ्या वाट्याला सध्या प्रत्यक्ष जे काम येतं' असं केलं की रेघ जाते. मीच आधी चुकीचं लिहिलं, ते तसंच ठेवलंय, म्हणजे फरक दिसेल.

पर्यायांना 'सहमत, असहमत' पेक्षा 'पटतं' बरं: अजिबात पटत नाही, बरंचसं पटत नाही, थोडं पटत नाही, सांगता येत नाही... इथे थांबा. चौथा पर्याय 'सांगता येत नाही' लिहू नका, तो प्रश्न टाळणाऱ्याचा पर्याय होतो. 'धड पटतंही नाही, धड नाही असंही नाही' हे लांबडं आहे, पण मधलं आहे. तेवढं नको असेल तर 'निम्मं पटतं' चालेल. मग थोडं पटतं, बरंचसं पटतं, पूर्ण पटतं.

आणि फॉर्मच्या माथ्यावर 'सक्षमीकरण' किंवा 'सबलीकरण' छापू नका. महाराष्ट्रात तो शब्द बचत गट आणि महिला मेळाव्यांचा झालाय, वाचणारी त्या सुरात उत्तरं देते. 'कामाविषयी माझं मत' पुरे. संमतिपत्रात अभ्यासाचं खरं नाव द्यायचंच आहे, तिथे द्या.

क्रम असा ठेवा. दोन जणांनी स्वतंत्र भाषांतर करावं, त्यांतली एक व्यक्ती वॉर्डात काम करणारी हवी, फक्त भाषेची जाणकार नको. दोन्हींवरून एक मसुदा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून उलट इंग्रजी भाषांतर. मग सहा ते दहा तज्ज्ञांकडून, विधान किती समर्पक आहे यासाठी, प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण प्रत्येक विधानाला निदान ०.७८ आणि सगळ्या विधानांची सरासरी ०.९० हवी. यानंतरची पायरी सगळे गाळतात: आठ ते दहा अधिपरिचारिकांसोबत एकेकटं बसून विधान वाचून घ्या आणि विचारा, "हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?" एकीला दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलण्याचं वेळापत्रक आठवलं आणि दुसरीला औषधाचा डोस बदलणं आठवलं, तर 'काम कसं करायचं ते ठरवणं' याचा अर्थ दोघींनी वेगळा घेतला. पहिलं परिचारिकेच्या अखत्यारीत आहे, दुसरं नाही. असा घोळ अल्फात कधीच दिसत नाही. या बैठकींसाठी जीएनएम, बीएस्सी, कंत्राटी, एखादे ब्रदर, रात्रपाळीवाली, असे सगळे असू द्या.

गोदाकाठ

'विभाग' तिन्ही विधानांत आहे. 'प्रभाव' दोन विधानांत आहे. तुम्ही फॉर्म न पाहता सांगितलंत, खूप आभार. भाषांतर पुन्हा करते.

अजून दोन गोष्टी. समिती म्हणते ७ ऐवजी ५ पर्याय करा, सोपं जातं. आणि अधिसेविका (मेट्रन) मॅडम म्हणाल्या की फॉर्म प्रत्येक वॉर्डाच्या इनचार्जकडे देऊ, त्या भरून घेऊन एकत्र परत देतील. आठवड्यात काम होईल.

तिसरी पाळी

मॅडमचा हेतू चांगला आहे, पण ही मदत घेऊ नका. त्यांना आदराने सांगा की परवानगीचं पत्र आणि वॉर्डनिहाय संख्या एवढीच मदत पुरे. 'वॉर्डात माझ्या शब्दाला वजन आहे का' हे ज्या परिसेविकेच्या (वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरच्या) हातात फॉर्म परत द्यायचा तिच्याबद्दलच विचारणं आहे. कंत्राटी सिस्टरचं तर नूतनीकरण दरवर्षी असतं, ती मधले आकडेच भरणार. मग तुम्हाला कायम आणि कंत्राटी यांच्यात जो फरक दिसेल तो सक्षमीकरणाचा की भीतीचा, हे सांगता येणार नाही.

फॉर्मसोबत डिंक लावलेलं कोरं पाकीट द्या. पेटी कुलूपबंद हवी आणि ती मेट्रन ऑफिसबाहेर किंवा नर्सिंग स्टेशनवर ठेवू नका. चेंजिंग रूम किंवा कॅन्टीनजवळ ठेवा. पेटी रोज स्वतः उघडा. पाळी बदलताना फॉर्म वाटा, पण ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवणं) सुरू असताना नाही, ओव्हर संपल्यावर. सकाळपाळी सुटताना दिलेले फॉर्म घरी जातात आणि परत येत नाहीत, दुपारपाळीच्या सुरुवातीला दिलेले बहुधा त्याच दिवशी पेटीत पडतात. रात्रपाळीवाल्यांना विसरू नका, त्यांना रात्री दहा-साडेदहाला, औषधं देऊन झाल्यावर गाठा. १२ विधानं आणि वैयक्तिक माहिती मिळून दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

वैयक्तिक माहितीचं पान जपून करा. आठ जणांच्या वॉर्डात एकच ब्रदर असेल आणि तुम्ही वॉर्ड, लिंग, वय, पदवी हे सगळं विचारलं, तर नाव न लिहूनही नाव लिहिल्यासारखंच आहे. वय गटात विचारा. वॉर्डचं नाव नको, प्रकार पुरे: अतिदक्षता, जनरल, ओटी व लेबर रूम, बाह्यरुग्ण. दहापेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे अहवालात वेगळे छापू नका, आणि हे संमतिपत्रात आधीच लिहा. एथिक्स कमिटीही हे विचारेल.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकण्याचा मोह टाळा. लिंक कुठवर गेली ते कळत नाही, म्हणजे किती जणांना दिला आणि किती जणांनी भरला हे प्रमाणच काढता येत नाही. वर ईमेल गोळा करण्याचा पर्याय चुकून चालू राहिला तर विश्वास गेला.

कधी घेता यालाही महत्त्व आहे. एप्रिल आणि मे हा बदल्यांचा काळ, त्यात 'माझ्या वॉर्डात' या शब्दांना अर्थ उरत नाही. सध्याच्या वॉर्डात निदान सहा महिने झालेल्यांनाच घ्या. इंटर्न आणि विद्यार्थिनी वगळा. पुनर्चाचणी (त्याच व्यक्तींकडून तोच फॉर्म पुन्हा भरून घेणं) करणार असाल तर ३० ते ४० जणींवर दोन आठवड्यांनी करा, पण आधी ड्युटी लिस्ट बघा. मध्येच वॉर्ड रोटेशन आलं तर दोन्ही वेळचे आकडे जुळणार नाहीत आणि दोष प्रश्नावलीला जाईल. नाव न घेता दोन फॉर्म जुळवायला सांकेतिक खूण लागते: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्माची तारीख (महिना नको), मोबाइलचा शेवटचा आकडा.

आकडेमोड

नमुन्याचं गणित करून देतो, यातले आकडे तुमच्या पायलटच्या प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) बदला.

सरासरी काढायची, प्रमाण विचलन ०.९ धरलं, चूक ०.१ पर्यंत चालेल: (१.९६ × ०.९ ÷ ०.१) चा वर्ग, म्हणजे ३१२. एकूण संख्या ४२० च असल्याने दुरुस्ती: ३१२ ÷ (१ + ३११ ÷ ४२०) = १८०. पंधरा टक्के फॉर्म परत येणार नाहीत असं धरून १८० ÷ ०.८५ = २१२ वाटायचे.

तुलनेसाठी: दोन गटांत ०.४ गुणांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येकी ८० लागतात. २१२ फॉर्म प्रमाणात वाटले तर कंत्राटी ७१ येतील, परत मिळतील साधारण ६०, आणि कायम १२०. गट असमान असले तरी ६० आणि १२० ची ताकद ८० आणि ८० एवढीच भरते. म्हणजे तुलना भागते, पण अगदी काठावर. आणि दोन्ही गटांत प्रश्नावली सारखीच वाचली जाते का, हे तपासायला ६० पुरत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत, निकषात बसणाऱ्या सगळ्यांनाच द्या. ४२० पैकी ८५ टक्के आले तर ३५७ मिळतील, साधारण २३८ कायम आणि ११९ कंत्राटी. चिठ्ठ्या टाकून निवडण्यापेक्षा वॉर्डातही ते सरळ वाटतं, 'हिलाच का दिला' हा प्रश्न उरत नाही.

वॉर्डच्या प्रकारांची तुलना कराल तेव्हा एका वॉर्डातल्या सिस्टरांची उत्तरं एकमेकींसारखी असतात हे धरा. वॉर्डात १५ जणी आणि आंतरसाम्य (या सारखेपणाचं माप) ०.०५ असलं तरी १ + १४ × ०.०५ = १.७ पट नमुना लागतो. १७० फॉर्मची किंमत १०० फॉर्मएवढी. यासाठी फॉर्मवर वॉर्डचा सांकेतिक क्रमांक लागेल. तो पाकिटावर न लिहिता फॉर्मच्या छापील गठ्ठ्यातून द्या आणि संमतिपत्रात सांगा, लपवू नका. अहवालात मात्र फक्त प्रकार.

विधानं खरंच चार भागांत पडतात का ही रचना तपासायला तीन मॉडेल चालवा: सगळी १२ विधानं एका घटकावर (स्वातंत्र्यांश, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, ५४), चार परस्परसंबंधित घटक (४८), आणि चारांच्या वर एक सामाईक घटक (५०). सीएफआय ०.९५ च्या वर, आरएमएसईए ०.०६ च्या खाली, हे मॉडेल आकड्यांना नीट बसतं का ते पाहण्याचे नेहमीचे निकष. पहिलं मॉडेल चारांच्या मॉडेलपेक्षा बरंच वाईट बसलं, तर मापनपट्टी सरांचं म्हणणं समितीला आकड्यात दाखवता येईल. जामोवी हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बहुतेक काम त्यात होतं, दोन गटांची तपासणी आर या सॉफ्टवेअरमध्ये लावान हे पॅकेज वापरून करा. 'अर्थ' भागात एखाद्या गटात १ ते ३ कोणीच निवडलं नसेल, तर विधानांना क्रमवार धरल्यावर सॉफ्टवेअर तिथे अडतं. तेव्हा खालचे पर्याय दोन्ही गटांत सारख्याच पद्धतीने एकत्र करा, एका गटात नाही.

५ पर्यायांबद्दल: करू नका. ज्या भागात आधीच सगळे वरच्या टोकाला आहेत तिथे पर्याय कमी केले की उरलासुरला फरकही जातो. आणि ७ पर्यायांच्या इतर अभ्यासांशी तुलना बंद. समिती हटून बसलीच तर (गुण − १) ÷ (पर्याय − १) × १०० असं टक्क्यांत दाखवता येतं, पण ती फक्त मांडणी आहे, त्याने दोन प्रश्नावल्या एक होत नाहीत.

दख्खनी

'प्रभाव' भागाला सगळीकडे कमीच गुण येतात, परिचारिकांवरच्या बहुतेक अभ्यासांत अर्थ आणि क्षमता वर आणि प्रभाव तळाला असतो. मग 'विभाग' बदलून काय साधणार? उलट आकडे फुगतील. तीच खरी परिस्थिती आहे.

शब्दकळा

क्रम तसाच राहील, तो मुद्दा मान्य. पण २ आणि ३.५ यांत फरक आहे. सगळ्यांनी १ आणि २ दिले तर कोणत्या वॉर्डात थोडं बरं चाललंय हे कळतच नाही, आणि ज्यांना काही सुधारायचं आहे त्यांना तेच हवं असतं. शब्द बदलल्यावरही गुण तळालाच राहिले, तर ते मंत्रालयाबद्दल नसून वॉर्डाबद्दल आहेत, असं ठामपणे म्हणता येईल.

गोदाकाठ

समजलं. सगळ्यांना फॉर्म देते, ७ पर्याय ठेवते, पेटी स्वतः सांभाळते. शेवटचं: एखाद्या भागातलं एक विधान रिकामं सुटलं तर काय करायचं? आणि लाशिंजर यांची प्रश्नावलीही जोडावी का?

मापनपट्टी

तीनपैकी एक सुटलं तर उरलेल्या दोनांची सरासरी त्या भागाला द्या. दोन सुटली तर तो भाग रिकामा धरा. किती फॉर्ममध्ये असं झालं ते भागनिहाय लिहा. 'प्रभाव' मध्येच जास्त रिकाम्या जागा आल्या तर तो स्वतंत्र निकाल आहे, तो गाळू नका.

लाशिंजर यांची जोडा, कमी गुणांचं कारण शोधायला तीच उपयोगी आहे. २००१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी परिचारिकांवर हाच दुवा तपासला होता: रचनात्मक सक्षमीकरण, त्यातून मानसिक, त्यातून कामातलं समाधान. परवानगी वेगळी काढावी लागेल आणि मराठीकरणाच्या सगळ्या पायऱ्या तिलाही लागू. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पेनाने भरल्या जातात तेव्हा त्यांचा संबंध खऱ्यापेक्षा घट्ट दिसतो, म्हणून निम्म्या फॉर्ममध्ये क्रम उलटा छापा आणि मध्ये वैयक्तिक माहितीचं पान घाला. निष्कर्षात 'यामुळे ते होतं' असं लिहू नका, एकाच वेळच्या पाहणीतून ते निघत नाही. 'संबंध आढळला' इथपर्यंतच.

तिसरी पाळी

दोन्ही जोडल्या तर ३१ प्रश्न होतात, वेळ वीस मिनिटांवर जाईल. तेव्हा दुपारपाळीच्या सुरुवातीला देण्याऐवजी चहाच्या सुमाराला द्या, आणि पेटी एक नाही, दोन ठेवा: स्त्री रुग्णालय वेगळ्या इमारतीत असेल तर तिथली कोणी फॉर्म टाकायला इकडे येणार नाही.